अर्थ लागत नाही

"ज्या दिवशी विजेच्या कणाला खोटं बोलता येणार नाही, त्या दिवसापासून माणसालाही खोटं बोलता येणार नाही. आणि मित्रहो, तो दिवस आज उजाडला आहे."

डॉ. मेघना उपासनींनी जळगावच्या सभागृहात हे वाक्य उच्चारलं, त्या टाळ्यांसाठी थांबल्या, आणि माईक मेला. सेल उतरला होता. समोर जिल्ह्यातले चारशे वाहन-इलेक्ट्रिशियन बसले होते, एकदिवसीय प्रशिक्षणाला. चारशेच्या चारशे एकमेकांकडे बघू लागले, कारण फुकटचं काम कोणी करायचं हा प्रश्न विज्ञानाला अजून सुटलेला नाही. शेवटी सावद्याचे पितांबर अप्पा बऱ्हाटे उठले, आपल्या टॉर्चमधला सेल काढून माईकमध्ये घातला, आणि व्यासपीठावरून उतरले ते थेट जेवणाच्या मांडवात. रांगेत पहिले. भरीत-पुरी होती. त्या चाळीस मिनिटांत आत सगळ्या सुट्या भागांची सरकारी मराठी नावं शिकवली गेली. अप्पांना भरीत आवडलं. नावं राहिली.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या भरिताचा ठसका अप्पांना यंदा, म्हणजे चव्वेचाळीस साली, दसऱ्यानंतरच्या चौथ्या दिवशी लागला.

उपासनीबाईंच्या यंत्राचं नाव नाडी. तत्त्व साधं होतं. घरात बसल्या बसल्या माणसाला पायरवावरून कळतं कोण आलं ते. सून चप्पल ओढत येते, नातू एक पायरी गाळतो, व्याही दारातच खाकरतात. विजेचंही तसंच. पंखा करंट ओढतो तेव्हा त्यात एक बारीक थरथर असते. दिव्याची थरथर वेगळी, रेडिओची वेगळी. नाडी बॅटरीच्या उंबऱ्यावर बसून हे पायरव ऐकते आणि कोण किती खाऊन गेलं ते नावानिशी सांगते.

याची गरज का पडली, तर उभ्या ट्रकची बॅटरी उतरायला कारणं दोनच असतात. एक तर बाहेरचं काहीतरी करंट खात असतं. नाहीतर बॅटरीच्या पोटातच एखाद्या सेलमध्ये धातूचा केसाएवढा काटा वाढतो, मधला पडदा भोसकतो, आणि करंट आतल्या आत झिरपायला लागतो. पहिल्या कारणाने फार तर सकाळी गाडी उठत नाही. दुसऱ्याने एक सेल तापतो, मग शेजारचा तापतो, आणि बारा टन केळी भाजून निघतात, ड्रायव्हरसकट. बाहेरून बघाल तर दोन्ही दुखणी सारखीच, आकडा खाली येतो एवढंच. म्हणून सरकारने ठरवून टाकलं की नाडी ओळखते ते बाहेरचं, आणि ओळखत नाही ते आतलं. अनोळखी दिसला की चोर, हे तत्त्व आपल्याकडे जुनंच आहे. ते बॅटरीला तेवढं लागू व्हायचं होतं.

चोर ठरलेल्या ट्रकसाठी 'डुबकी' होती. ही बिनड्रायव्हरची क्रेन. ती येते, ट्रक उचलते आणि पाठीवरच्या पाण्याच्या हौदात तीन दिवस बुडवून ठेवते. आग लागत नाही. ट्रकही राहत नाही.

तर त्या मंगळवारी सकाळी अकराला फैजपूर रस्त्यावरच्या अप्पांच्या गॅरेजात लीलाधर भंगाळ्यांचा ट्रक येऊन उभा राहिला. मागे लिहिलेलं होतं, 'सावकाश या, घर तुमचंच आहे'. लीलाधरभाऊ अप्पांचे व्याही. अप्पांची वर्षा त्यांच्याकडे दिलेली. ट्रक नवा होता, सहा महिन्यांचा, आणि यापूर्वी या गॅरेजात एकदाच आला होता, खंडेनवमीला, पूजेसाठी. व्याह्याकडे गाडी दुरुस्तीला न्यायची नाही असा लीलाधरभाऊंचा नियम होता. न्यावी तर काम बिघडलं की बोलता येत नाही, आणि नीट झालं की बोलायला काही उरत नाही.

आज नियम मोडावा लागला होता. ट्रक नुसता उभा राहिला तरी रोज पावणेदोन टक्के उतरत होता. चार्जर लावावा तर कधी घ्यायचा, कधी 'जोडणी अपूर्ण' म्हणून तोंड फिरवायचा. आज पहाटे तीन ठिकाणच्या चार्जरांनी तोंड फिरवलं. आता बावीस टक्के उरले होते, गाडीत बारा टन केळी होती आणि ती संध्याकाळपर्यंत भुसावळच्या यार्डात उतरायला हवी होती.

अप्पांनी वाचक जोडला, म्हणजे नाडीचं म्हणणं बोलून दाखवणारी आणि आपलं ऐकून घेणारी डबी. तिथून पंचेचाळीस मिनिटांचं घड्याळ सुरू होतं. तेवढ्यात कारागिराने प्रत्येक खाणाऱ्याचं नाव सांगायचं, नाहीतर डुबकी. नाडीचा आवाज बाईचा होता, शांत. निकाल आधीच माहीत असलेल्या डॉक्टरणीसारखा.

"भार दोन. पहिला, दुपारी बारा ते पाच, चाळीस वॅट. ओळख: झोपेतले श्वसनयंत्र. कारागिराने होय किंवा नाही सांगावे. दुसरा, अखंड, तीनशे वॅट. ओळख: नाही. सेल क्रमांक एकेचाळीस शेजाऱ्यांपेक्षा तीन अंश गरम."

अप्पांनी व्याह्यांकडे पाहिलं. व्याह्यांनी केळीच्या घडांकडे पाहिलं.

मग लीलाधरभाऊ केबिनमध्ये चढले, दोन्ही दारं आतून लावली आणि काच चार बोटं खाली केली.

"अप्पा, नाही म्हणा."

अप्पा खालून शांतपणे म्हणाले की आधी खाली उतरा, एकेचाळीस नंबरचा सेल तुमच्या बुडाखालीच आहे. लीलाधरभाऊंनी सांगितलं की तो त्यांचा सेल आहे आणि त्यांचंच बूड आहे.

नियम दोघांनाही पाठ होता. ज्याच्या गाडीत श्वसनयंत्र सापडेल त्याला झोपेचा आजार आहे असं धरायचं आणि तपासणी होईपर्यंत रस्त्यावरून खाली काढायचं. झोपेत ज्यांचा श्वास अडकतो, दिवसभर ज्यांचे डोळे मिटतात आणि जे डॉक्टरचं तोंडही बघत नाहीत, ते सगळे कागदावर ठणठणीत होते. त्यांच्या गाडीत पकडण्यासारखं काही नव्हतंच.

काचेच्या फटीतून मग हळूहळू हकीगत खाली आली. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात वर्षाने सकाळच्या चहाला सासऱ्यांना विचारलं होतं, बाबा, काल ट्रक बंद करायचा राहिला होता का? तिने खरंच विचारलं होतं. तिला वाटलं अंगणात इंजिन चालू आहे. नव्या सुनेला इलेक्ट्रिक ट्रकला इंजिन नसतं हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण आवाजच तसा होता. सगळे हसले, लीलाधरभाऊही हसले, आणि दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता डॉक्टरकडे गेले. कळलं की घोरण्याच्या मधल्या शांततेत त्यांचा श्वास थांबतो. तासाला तीसदा. केळीची वाहतूक रात्रीची, म्हणून झोप दुपारची. ती ते या केबिनमध्ये घेत, तोंडावर मास्क लावून. घरी न्यायची सोय नव्हती. सुनेने सासऱ्याला सोंड लावलेली बघावी, हे त्यांना मरणाहून कठीण वाटत होतं.

"हो म्हणालात तर आपलं बोलणं संपलं," लीलाधरभाऊ म्हणाले. "आणि दिवाळी पंधरा दिवसांवर आली आहे. वर्षाला माहेरी पाठवायचं की नाही, ते मी ठरवतो."

चव्वेचाळीस साल उजाडलं, ट्रकला बुद्धी आली, तरी मुलाच्या बापाचं हे हत्यार तसंच होतं. त्याला चार्जिंग लागत नाही.

अप्पांना दोन वर्षांपूर्वीचं एक कडुलिंबाचं झाड आठवलं. बऱ्हाणपूर रस्त्यावर पहाटे लीलाधरभाऊंचा जुना ट्रक त्याला जाऊन टेकला होता. ब्रेक लागले नाहीत, असं भाऊंनी सांगितलं होतं. तपासणीला अप्पाच गेले होते, आणि वर्षाच्या स्थळाचं बोलणं तेव्हाच सुरू झालं होतं. ब्रेक उत्तम होते. रस्त्यावर ते दाबल्याची एक रेघही नव्हती. अप्पांनी कागदावर लिहिलं, 'ब्रेक', सही केली, आणि नंतर कितीतरी दिवस त्या झाडाच्या अलीकडे बसथांबा आहे हे त्यांच्या डोक्यातून जाईना. पहाट होती म्हणून तिथे कोणी नव्हतं, एवढंच.

"एकतीस मिनिटे," नाडी म्हणाली.

नाही म्हणावं, तर दोन्ही भार अनोळखी ठरणार, आणि दोन अनोळखी एका दारात दिसले की डुबकी वेळ संपायची वाट बघत नाही. हो म्हणावं, तर व्याही गेले, दिवाळी गेली, आणि तीनशे वॅटचा चोर तरीही आतच. अप्पांनी पत्र्यावर तळहात ठेवला. गरम होता. उन्हाने की पोटातल्या काट्याने, हे तळहाताला कळेना. ऑक्टोबरचं ऊन नेमकं त्याच बाजूला होतं, पण नाडीच्या यादीत सूर्य नव्हता.

"होय," अप्पा म्हणाले. "श्वसनयंत्र. चालक उपचार घेतो, असं लिही."

वर काच बंद झाली. अगदी सावकाश, बटणाची काच आपटता येत नाही, ही एक मोठीच गैरसोय आहे.

आता उरला तीनशे वॅटवाला. अप्पांनी बापाकडून शिकलेली रीत धरली. एकेक फ्यूज काढायचा आणि आकड्याकडे बघायचं. ज्याच्या फ्यूजने आकडा पडला, तो चोर. दिवे काढले. आकडा तसाच. केळी थंड ठेवणाऱ्या पंख्यांचा काढला. तसाच. रेडिओ, कॅमेरे, काचेची पुसणी. केबिनमधला पंखा काढला तेव्हा काचेआड लीलाधरभाऊंनी टोपी काढून वारा घ्यायला सुरुवात केली, पण अप्पांकडे बघितलं नाही. शेवटचा फ्यूज हातात आला तेव्हा तेरा मिनिटं उरली होती आणि नाडी अजून तीनशेच म्हणत होती.

बाहेरचं सगळं उपटून झालं होतं. राहिलं होतं आतलंच.

अप्पांच्या बायको, मंदाकाकू, ओसरीवर येऊन उभ्या होत्या. त्यांनी व्याह्यांना चहा विचारायचा का म्हणून खुणेने विचारलं. अप्पांनी खुणेनेच सांगितलं की व्याही आत्ता बहुतेक पेटणार आहेत. काकू परत आत गेल्या नाहीत. त्या पाण्याची बादली घेऊन आल्या आणि ट्रकशेजारी उभ्या राहिल्या. एका बादलीने काय होणार होतं, हे त्यांनाही माहीत होतं.

अप्पा दार ठोठावत राहिले. भाऊ, उतरा, राग खाली येऊन करा, सावलीत करा. लीलाधरभाऊंनी सीट मागे केली आणि डोळे मिटले.

मिटलेल्या डोळ्यांकडे बघता बघता अप्पांच्या डोक्यात एक वेडगळ प्रश्न आला. आपण सगळ्यांना झोपवलं. मग जागं कोण आहे?

नाडी जागी होती. म्हणजे नाडी ज्यात बसवलेली असते, तो बॅटरीचा सगळा कारभार बघणारा कंट्रोलर. उभ्या गाडीत तो झोपतो आणि दोन-चार वॅटवर राहतो. जागा असला की तीनशे वॅट सहज खातो. आणि जगातल्या सगळ्या पहारेकऱ्यांप्रमाणे तो दुसऱ्याचं खाणं मोजतो, स्वतःचं जेवण त्याच्या यादीत नसतं.

मग हा जागा का? दाराशी कोणीतरी आहे असं त्याला वाटत असेल तर. चार्जर जोडला की खोबणीतल्या एका बारीक पिनेवरून निरोप जातो, पाहुणा आला. पाहुणा आत येईना आणि परतही जाईना, नुसतीच अर्धवट कडी वाजत राहिली, तर घरधन्याला झोप कशी लागेल?

अप्पा धावले. सहासष्टाव्या वर्षी त्याला धावणं म्हणायचं असतं. चार्जिंगच्या खोबणीचं झाकण उघडलं. आत, खालच्या बाजूला, अर्थच्या जाड पिनेभोवती आणि तिथून शेजारच्या बारीक पिनेपर्यंत काहीतरी तपकिरी, चिवट थापलेलं होतं. गंज म्हणावा तर नवी गाडी. अप्पांनी काडीने जरासं खरवडलं आणि जुन्या सवयीने जिभेला लावलं. चाळीस वर्षांत जिभेने त्यांना दगा दिला नव्हता. आम्ल आंबट लागतं. तांब्याची कीट कडू लागते.

हे गोड लागलं. वेलदोडा होता.

अप्पा झाकण धरून तसेच उभे राहिले. खंडेनवमीचा दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर आला. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. व्याह्यांची नवी गाडी पहिल्यांदा दारात आली, तिचं औक्षण झालं, आणि मंदाकाकूंनी पेढा हातात धरून विचारलं होतं, अहो, तोंड गोड करायचं, पण ट्रकला तोंड कुठे असतं? पंचवीस माणसं उभी होती. अप्पांना विनोद सुचला. ते म्हणाले होते, जिथून खातो, ते तोंड. आणि स्वतः झाकण उघडून दिलं होतं. सगळे हसले होते. लीलाधरभाऊ सगळ्यांत जास्त.

आठ मिनिटं. अप्पांनी काडीने, फडक्याने, अर्ध्या फुंकरीने पेढा काढला आणि वाचकाकडे वळून ओरडले, "सापडलं. चार्जिंगला अर्थ लागत नाही."

गॅरेजातल्या कुठल्याही माणसाला हे कळलं असतं. अर्थ म्हणजे अर्थिंगची पिन. लागत नाही म्हणजे टेकत नाही. नाडी मात्र पुस्तकी मराठी शिकली होती.

"कारागिराला अर्थ लागत नसल्याची नोंद केली," ती म्हणाली. "काळजी करू नका. डुबकी लवकर पाठवत आहे. चार मिनिटे."

अप्पा म्हणाले, अर्थिंग. नाडी म्हणाली, शब्द शासनमान्य नाही. अप्पा म्हणाले, ग्राउंड. नाडीने विचारलं, गाडी मैदानात न्यायची आहे का? अप्पांनी माती म्हणून पाहिलं, जमीन म्हणून पाहिलं. जमिनीवर नाडीने सातबाऱ्याचा क्रमांक मागितला. पेढा निघाला होता, कंट्रोलर दहा मिनिटांत आपसूक झोपला असता आणि आकडा पडला असता, पण दहा मिनिटं कोणाकडे होती? कारणाचं सरकारी नाव हवं होतं, आणि ते नाव तीन वर्षांपूर्वी, अप्पा दुसऱ्यांदा भरीत वाढून घेत असताना, एका बंद सभागृहात उच्चारलं गेलं होतं.

फैजपूरच्या वळणावर भोंगा ऐकू आला. झाडांच्या वरून पिवळा हात दिसायला लागला. हौदातलं पाणी डुचमळल्याचा आवाज इथपर्यंत येत होता.

अप्पा केबिनच्या काचेपाशी गेले. त्यांनी हात जोडले नाहीत. मुलीच्या बापाने आयुष्यात जितके हात जोडायचे तितके त्यांचे लग्नातच जोडून झाले होते. ते नुसतं म्हणाले, "भाऊ, रस्त्यावरच्या सरकारी चार्जरवर पाटी असते. पिवळी. तुम्ही तासन् तास तिच्यासमोर बसता. काय लिहिलेलं असतं?"

लीलाधरभाऊंचे डोळे मिटलेलेच होते. पिवळा हात गॅरेजच्या फाटकातून आत आला आणि ट्रकच्या डोक्यावर येऊन थांबला. त्याची सावली काचेवर पडली. मंदाकाकू बादली घेऊन त्या लोखंडी हाताच्या आणि केबिनच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

काच चार बोटं खाली आली. लीलाधरभाऊ बोलणार नव्हते, म्हणून ते अप्पांशी बोललेच नाहीत. मान दुसरीकडे वळवून, पलीकडच्या पेरूच्या झाडाला उद्देशून त्यांनी पाटी म्हणून दाखवली.

"भूसंपर्कन तपासा. ओल्या हाताने स्पर्श करू नये. थुंकू नये."

"भूसंपर्कन," अप्पा वाचकावर ओणवे झाले. "भूसंपर्कन तुटलं होतं. भूसंपर्कनात पेढा होता."

पाच सेकंद, सहा, सात. पिवळ्या हाताचे पंजे उघडले.

"भूसंपर्कन दोष मान्य," नाडी म्हणाली. "दुसरा घटक नोंदीत नाही, दुर्लक्ष केले. भार निरीक्षणाखाली."

पंजे उघडेच राहिले. आठ मिनिटं कोणी हललं नाही. काकूंनी बादली या हातातून त्या हातात घेतली तेवढंच. मग ट्रकच्या आत कुठेतरी टक् असा आवाज झाला, झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसा, आणि आकडा तीनशेवरून तीनवर आला. सेल एकेचाळीसवर तोवर डुबकीची सावली पडली होती. तोही दोन अंश उतरला. डुबकीने हात मागे घेतला, दोनदा टीं टीं केलं आणि पाणी सांडत भुसावळकडे निघून गेली.

नाडीचं काम मात्र संपलं नव्हतं. परिवहन खात्याचं उत्तर तिनेच वाचून दाखवलं. चालक लीलाधर भंगाळे यांनी तीस दिवसांत तपासणी करून घ्यावी. एकशे अठरा दिवसांत श्वसनयंत्राच्या वापरात एकही खाडा आढळला नाही, ही नियमित उपचाराची नोंद धरण्यात आली आहे. सबब तोवर वाहन चालवण्यास मुभा, मात्र शेजारी सतत जागा राहणारा एक इसम असणे बंधनकारक.

ज्या पायरवाने चोरी पकडून दिली होती, त्यानेच साक्षही दिली. अप्पांनी वर पाहिलं. काचेआडचा चेहरा पेरूच्या झाडाकडेच होता, पण टोपी परत डोक्यावर आली होती.

अप्पांनी गॅरेजातला आपला बिनपाटीचा चार्जर लावला. एका दमात लागला. दीड वाजेपर्यंत बॅटरी भरली. केळी वाट बघत नव्हती आणि जागा राहणारा दुसरा इसम आसपास नव्हता. मंदाकाकूंनी डबा भरून दिला. अप्पा न विचारता पलीकडच्या दाराने चढून बसले. लीलाधरभाऊंनी हरकत घेतली नाही. स्वागतही केलं नाही.

सावदा मागे पडलं. पहिले आठ किलोमीटर दोघं सरळ समोर बघत राहिले. दोन सीटच्या मध्ये मास्कची पिशवी होती, आता उघड्यावर. अप्पा मनाशी वाक्यं जुळवत होते. कडुलिंबाच्या झाडाबद्दल एक होतं. पेढ्याबद्दल एक. वर्षाला दिवाळीला पाठवा, हे शेवटी म्हणायचं होतं.

आमोदा गेलं आणि लीलाधरभाऊ खाकरले.

"अप्पा, एक विनंती आहे."

अप्पा सावरून बसले. म्हणाले, बोला ना भाऊ, काय म्हणाल ते.

"जेवण झालं की तुमचे डोळे मिटतात, लग्नात पाहिलंय मी," लीलाधरभाऊ रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "तेवढं घोरू नका. मशीन एकच आहे."